एकही तार तुटली नाही, बाई

बाई, परवा तुमचा पियानो सुरात आला. दोन दिवस लागले. हैदराबादहून युसूफभाई आले होते, पियानो सुरात लावून देणारे. ज्या माणसाला तुम्ही दर वर्षी दिवाळीनंतर बोलावणार होतात आणि कधीच बोलावलं नाहीत, तो माणूस शेवटी मी बोलावला. त्यांनी समोरची फळी काढली, आत बॅटरी मारली, तारांवरचा गंज बघितला आणि म्हणाले, "टूटी तो मेरेकू बोलना नक्को, मैडम." मी म्हटलं, नाही बोलणार. मग एकेक तार थोडीथोडी आवळत ते खालून वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खालून वर. मी दोन्ही दिवस शेजारी स्टुलावर बसून होते. प्रत्येक तारेला वाटत होतं, ही आता गेली.

एकही तुटली नाही.

तुम्ही गेलात त्याला आज तेरा दिवस झाले. लोक आले, चांगलं बोलले, तुमच्या फोटोसमोर हात जोडून गेले. मीही रडले, त्यात खोटं काही नव्हतं. पण युसूफभाईंनी शेवटची तार आवळून हत्यारं पिशवीत भरली, तेव्हापासून माझं रडू बंद झालंय. आता मला भांडायचं आहे. आणि भांडण रंगात आलं की "चहा टाकते" म्हणून आत निघून जायची तुमची जुनी खोड, तशाच आताही निघून गेलात.

हे इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. सेलूत तुम्हाला पियानोवाल्या बाई म्हणत. तुमच्या आजोबांची कापसाची जिनिंग होती आणि पियानो त्यांनीच कधीतरी हौसेनं आणलेला. तुम्ही मुंबईला शिकलात, परदेशात शिकलात, मोठमोठ्या सभागृहांत एकट्या बसून वाजवलंत. मग वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आलात आणि इथेच राहिलात. मी संघमित्रा, तुमची मित्रा, वायरमनची मुलगी. नऊ वर्षांची असताना तुमच्या खिडकीखाली उभी राहून ऐकत होते, तर तुम्ही मला आत ओढलंत. आता इथल्याच एका शाळेत संगीत शिकवते. आणि तो पियानो अर्ध्या सुरानं उतरलेला होता. म्हणजे पेटीवाले जिला पांढरी एक म्हणतात ती पट्टी दाबली की आवाज तिच्या खालच्या सुराचा यायचा. सगळ्याच पट्ट्या अशा सारख्या खाली सरकलेल्या. एकमेकींशी त्या जुळत होत्या, म्हणून बेसूर काही वाटायचं नाही. फक्त उरलेल्या जगाशी जुळत नव्हत्या.

हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. माझं सगळं भांडण एवढंच आहे, बाई.

नऊ वर्षांच्या पोरीचा कान म्हणजे ओलं सिमेंट. तुम्हीच म्हणायचात, "हिला सूर नावानिशी ओळखू येतात, पाठ फिरवून सांगते, असा कान हजारात एखाद्याला असतो." पाहुणे आले की मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचात, एक पट्टी दाबायचात आणि मी नाव सांगायची. टाळ्या पडायच्या. मला वाटायचं मी जगातली सगळ्यात हुशार मुलगी. ती नावं तुमच्या पियानोपुरतीच खरी होती. बाहेर निघालं की एकही खरं नव्हतं, आणि हे त्या खोलीत फक्त तुम्हाला कळत होतं. टाळ्या वाजवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

शाळेतलं राष्ट्रगीत मला चढं वाटायचं. लग्नातला बँड चढा वाटायचा, रेडिओ चढा वाटायचा. मी येऊन सांगायची. तुम्ही म्हणायचात, "लोकांचं काय ऐकतेस? आपलं बघ." केवढा अभिमान वाटायचा मला. सगळं सेलू बेसूर आणि आम्ही दोघी तेवढ्या सुरात.

सगळ्यात चढी वाटायची ती दादांची पेटी. दादा म्हणजे माझे वडील. दिवसभर खांबावर आणि संध्याकाळी पेटीवर, असा त्यांचा संसार. जयंतीच्या गायन पार्टीत पेटी त्यांचीच असायची. चुडाव्यापासून पेडगावापर्यंत बोलावणी यायची आणि दादा पेटी सायकलच्या कॅरेजला बांधून निघायचे. मी अकरा वर्षांची होते. जयंती चार दिवसांवर आलेली, पार्टीतली माणसं आमच्या अंगणात सतरंजीवर बसलेली, दादांनी सूर धरला आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, तुमची पेटी बेसूर हाय. बाईच्या पियानोसंगं लागत न्हाई."

माणसं हसली. "पोरगी शिकायलीय, मास्तरीण झाली की," असं कुणीतरी म्हणालं. दादाही हसले. पेटीचा भाता मिटला, कडी लावली. त्या वर्षी जयंतीला पार्टीत दुसऱ्याची पेटी होती आणि पुढेही दुसऱ्याचीच राहिली. दादांची पेटी आईच्या जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर गेली. मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "बरं झालं. कान बिघडला असता तुझा."

तीस वर्षं मी हे ओझं घेऊन फिरले, की आपल्या बापाची पेटी आपल्या जिभेनं बंद झाली.

मुंबईचं तर तुम्हाला सांगायलाच नको. अठरा वर्षांची होते. तिथल्या संगीत विद्यालयात निवड झाली की चार वर्षं शिकायला मिळणार, राहण्याजेवणाची सोय होणार. दहा महिने तुम्ही मला पिळून काढलंत. सकाळी सहाला माझ्या हातात ब्रश द्यायचात, कारण जिनिंगचा कापूस उडून तुमच्या पियानोत जायचा आणि तारांमध्ये पुंजके होऊन बसायचा. तो झाडायचा, उन्हाळा असेल तर पियानोच्या पोटात पाण्याची वाटी भरून ठेवायची म्हणजे लाकूड तडकत नाही, आणि मग बसायचं. जाताना स्टेशनवर तुम्ही आलात. गाडी हलली तरी डब्यासोबत चालत होतात आणि डाव्या हाताचं काहीतरी सांगत होतात. डाव्या हाताचं, बाई! त्या फलाटावर, शेवटच्या मिनिटालासुद्धा, तुम्हाला डावा हातच आठवला.

तिथे परीक्षकांसमोर पियानोवर बसले आणि पहिली पट्टी दाबली. आवाज दुसरीचा आला. मला वाटलं बोट चुकलं. उचललं, नीट ठेवलं, परत दाबली. परत दुसरीचा. मग मी कानाचं ऐकायला गेले आणि बोटं आपोआप शेजारी सरकली, आणि ती सरकल्यावर तर सगळंच विस्कटलं. "पुन्हा सुरू करा," ते म्हणाले. सज्जन माणसं होती, तीन वेळा म्हणाले. तिसऱ्यांदा माझे हात मांडीवर आले ते वर गेलेच नाहीत. बाहेर बाकड्यावर दादा डबा घेऊन बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. परतीच्या गाडीतही विचारलं नाही. मला वाटलं, त्यांना काय कळतंय यातलं.

परत आल्यावर मी तुमच्या ओट्यावर उभी राहिले, आत आले नाही. "तुम्हाला माहीत होतं?" असं विचारलं. तुम्ही खोटं बोलला नाहीत, एवढं मात्र मान्य करते. तुम्ही म्हणालात, "तारा जुन्या आहेत. ताण दिला असता तर तुटल्या असत्या. मग तुला शिकवलं कशावर असतं?" मी म्हटलं, तारा नसत्या ताणल्या, मला सांगायला काय झालं होतं? त्यावर तुम्ही म्हणालात, "कान सुधारतो. सहा महिने चांगल्या पियानोवर बस."

चांगला पियानो! परभणी जिल्ह्यात! कुठे होता हो तो, जिंतूरला का गंगाखेडला? मी ओट्यावरून ओरडले, शेजारची माणसं दारात आली. आणि तुम्ही "चहा टाकते" म्हणून आत गेलात. मी थांबले नाही.

चार वर्षं आले नाही मी. मग एक दिवस निरोप आला. चुकलं म्हणून नाही, ये म्हणून नाही. "पियानोत कापूस साचलाय," एवढाच. आणि मी मूर्ख, ब्रश घेऊन आले. तुम्ही दार उघडलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "केस का कापलेस?" त्यानंतर दर रविवारी येत राहिले, आत्ताआत्तापर्यंत. मुंबईचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही काढला नाही. मला वाटायचं, कधीतरी ही बाई म्हणेल. एवढी शिकलेली बाई, एवढं जग बघितलेली. एखाद्या रविवारी कापूस झाडता झाडता म्हणेल, की मित्रा, तेव्हा माझं चुकलं. मागच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारीसुद्धा वाट बघितली. तुम्ही म्हणालात, खालच्या पट्ट्या नीट पुसल्या नाहीस.

रागात आहे म्हणून उपकार विसरले असं समजू नका. तुम्ही मला माझं आडनाव कधी विचारलं नाहीत. गावात पहिला प्रश्न तोच असायचा, तुमच्या दारात नव्हता. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी दादा मला सोडायला आले आणि सवयीनं फाटकाबाहेर सायकल धरून उभे राहिले, तर तुम्ही बाहेर गेलात, त्यांना ओसरीत खुर्ची दिलीत आणि तुम्ही पीत होतात त्याच कपबशांच्या जोडातल्या कपात चहा दिलात. मी नऊ वर्षांची होते तरी मला कळलं की हे काहीतरी वेगळं घडतंय. बसावं कसं, वाजवण्याआधी गप्प कसं राहावं, शेवटचा सूर विरेपर्यंत हात का उचलू नये, हे सगळं तुमचं. आज माझ्या वर्गात पोरी शेवटचा सूर विरेपर्यंत हलत नाहीत, तेव्हा ते तुमचंच असतं. म्हणून तर राग जास्त येतो. वाईट गुरू असतात तर केव्हाच सोडून दिलं असतं.

तुमच्या भाच्यानं मला किल्ली दिली. म्हणाला, "आत्यानं सांगून ठेवलंय, पियानो मित्राला द्यायचा. घर विकेपर्यंत इथेच ठेवा." आणि घुटमळत पुढे म्हणाला, "तारांना ताण देऊ नको, असंही सांगितलंय." मरतानासुद्धा, बाई! मी त्याच्या समोरच हैदराबादला फोन लावला.

युसूफभाई आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दादा बघायला आले. पंच्याहत्तरी गाठली, गुडघे गेलेत, पण रिक्षा करून आले. ओसरीतल्या त्यांच्या जुन्या खुर्चीवर बसले, दार उघडंच होतं. आत युसूफभाईंनी मधली पट्टी ठोकून बघितली आणि बाहेरून दादांचा आवाज आला, "आता आली बगा जागेवर."

मी बाहेर गेले. "काय आलं जागेवर?"

"पांढरी एक. इतके दिस खाली सातवर व्हती ना ती."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "तुमाला कवापासून म्हाईत व्हतं?"

"पैल्याच दिवशी," दादा म्हणाले. "तू आत बसलीस अन् मी हितं च्या पेत व्हतो. दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात बाईला म्हणलं, तुमचा पियानो उतरलाय, तारा मी आवळून देऊ का? ताण दिल्याबगर तार कामाची न्हाई, आमचं रोजचंच हाय. बाई लय घाबरल्या. म्हणल्या, न्हाई न्हाई, तुटतील. अन् म्हणल्या, पोरीला सांगू नका. सांगितलं तर ती यायची बंद हुईल. असा कान मला परत गावायचा न्हाई."

"अन्?"

"अन् म्हणल्या, ती घरात असताना पेटी काढू नका. तिचा कान दोन्हीकडं फाटंल." दादा गुडघा चोळत होते. "त्या दिवशी पार्टीची माणसं ऐकनात म्हणून काढली. तू बोललीस ते बरंच झालं. तशीबी ठेवायचीच व्हती मला."

"पण तुमी ऐकलं कसं, दादा? तुमची पेटी बरोबर व्हती!"

"त्यांनी आपल्याला खुर्ची दिल्ती, माय. त्यांच्या कपात च्या दिल्ता. कुणी देत व्हतं का तवा? एवढं तर ऐकावं लागतंय." मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, बोटं तीच असत्यात, पियानो कुटलाबी असला तरी. हे असं हुईल, हे न्हाई कळलं मला."

त्यांना नाही कळलं, बाई. तुम्हाला कळत होतं. मला आता आठवतंय, मी पंधरा-सोळा वर्षांची असताना तुम्हाला हैदराबादचं बोलावणं आलं होतं, तुमच्या एकटीचा कार्यक्रम. तुम्ही गेलात आणि तिसऱ्या दिवशी न वाजवता परत आलात. मी विचारलं तर म्हणालात, "तिथला पियानो मला चढा वाटतो." त्यानंतर तुम्ही कुठेच गेला नाहीत. म्हणजे जे तुमच्यावर गुदरलं होतं, ते माहीत असून तुम्ही मला मुंबईच्या गाडीत बसवलंत. एवढ्या मोठ्या कलावंत बाई, आणि भीती कशाची, तर तार तुटेल याची आणि पोर उठून जाईल याची. त्या भीतीपायी तुमचं वाजवणं गेलं, माझं गेलं, आणि ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता त्या वायरमनची पेटी गेली. आणि तो अजून तुमच्या चहाची आठवण काढतो.

संध्याकाळी मी माळ्यावरून पेटी काढली. लुगडं हातातच फाटलं. भात्याला दोन ठिकाणी चीर होती, ती दादांनी तिथल्या तिथे चिकटपट्टी लावून बुजवली. काल आम्ही ती तुमच्या खोलीत आणली, पियानोशेजारी ठेवली. दादांनी पांढरी एक धरली, मी पियानोवर धरली. दोन्ही आवाज एकात एक गेले, फट म्हणून राहिली नाही. दादा माझ्याकडे बघत होते, लहान पोरासारखे. "बरोबर हाय का?" असं मला विचारत होते. मला! माझ्या कानाला दोन्ही चढे लागत होते, बाई. एक्केचाळीस वर्षांची आहे मी, आणि माझा कान अजून तुमच्याच पियानोवर बसलेला आहे. तो पियानो तर आता या जगात कुठेच नाही. मी म्हटलं, "बरोबर हाय, दादा. तुमची पयल्यापासूनच बरोबर व्हती." ते चष्मा पुसायला लागले.

आज सकाळी शाळेतल्या तीन मुली तुमच्या खोलीत बोलावल्या होत्या, पाचवी-सहावीच्या. दादा पेटीपाशी बसलेले. एकीचा कान तर मला भीती वाटावी इतका चांगला आहे. तुम्ही माझ्याकडे कसं बघत असाल, ते तिच्याकडे बघून मला कळतं. तिला सांगायचं म्हणजे मीही घाबरले, खोटं कशाला बोलू. क्षणभर तुमचं म्हणणं पटलंसुद्धा. ही उठून गेली तर?

मग मी सांगितलं. "मुलींनो, हा पियानो बरोबर आहे. माझा कान अर्ध्या सुरानं उतरलेला आहे. बोटं मी शिकवीन, पण सुराबद्दल शंका आली तर मला विचारायचं नाही, या दादांच्या पेटीला विचारायचं." घड्याळ लावून बघा, किती वेळ लागतो एवढं म्हणायला.

त्या चांगल्या कानाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग तुमाला आमचं चुकलेलं कसं कळंल?"

"कधी कधी नाही कळणार," मी म्हटलं. "तेव्हा तू सांगायचं."

तिनं पुढे येऊन पांढरी एक दाबली. दादांनी पेटीवर धरली. तिनं मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "एकच हाय की." मग दुसरी आली, मग तिसरी. तासभर चाललं.

एकही पोर उठून गेली नाही, बाई.